हजेरी : शून्य

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्याकडे वॉच नाइटची उपासना असते. बाराच्या घंटेआधी साक्षी उरकायच्या असतात, म्हणून पाळकसाहेब आधीच बजावतात, की प्रत्येकाने दोन मिनिटांत आटपायचं. आटपत कोणीच नाही. एक जण उठतो आणि सरत्या वर्षात फ्लॅटचा ताबा मिळाला म्हणून प्रभूचे आभार मानतो. दुसऱ्याच्या मुलाला कॅनडाचा व्हिसा झालेला असतो. कोणी पोलीस भरतीत पास, कोणाची बायपास यशस्वी, कोणाचा प्लॉट एनए झालेला. प्रत्येक साक्षीनंतर सगळ्यांचं मिळून ‘आमेन’. आभार खरे असतात, त्यात मला शंका नाही. माणसं डोळे पुसत बोलतात. पण यंदा दुकान बसलं, पोरीचं लग्न मोडलं, प्रार्थनेला उत्तर आलं नाही, तरी आज इथे आलोय, असं उभं राहून कोणी बोलल्याचं मला आठवत नाही. तशी माणसं असतात. मागच्या बाकावर बसतात. त्यांच्याकडे सांगण्यासारखी साक्ष नाही, असं आपणच धरून चालतो.

हे खूळ बाहेरून आलं, टीव्हीवरच्या प्रवचनकारांनी आणलं, असं आमच्यातली जुनी मंडळी म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. भरभराट झाली की ‘देवाने दिलं’ आणि वाटोळं झालं की ‘कुठेतरी चुकलं असणार’, हा हिशोब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. धर्म बदलला, नावं बदलली, हिशोब तोच राहिला. टीव्हीने त्याला कीबोर्ड आणि ड्रम जोडला, एवढंच. पाळकाचं मोजमापही त्याच मापाने होतं. बाप्तिस्मे किती झाले, इमारतीला स्लॅब पडला का, वर्गणी वाढली का. वार्षिक सभेतले आकडे दरसाल चढते असावेत अशी सगळ्यांची प्रेमळ अपेक्षा असते. आणि ज्याच्या नावाने हे चालतं तो स्वतः ऐन तारुण्यात, शिष्य पळून गेलेले असताना, दोन गुन्हेगारांच्या मध्ये मेला. मागे ठेवलेली मालमत्ता म्हणजे अंगावरचे कपडे. त्यासाठीही शिपायांनी चिठ्ठ्या टाकल्या. पुनरुत्थान झालं ना, असं कोणी म्हणेल. झालं, माझा विश्वास आहे. पण उठल्यावर तो पिलाताच्या वाड्यासमोर जाऊन उभा राहिला नाही. बागेत रडत उभ्या असलेल्या एका बाईला दिसला, आणि बायकांनी सांगितलेली ती बातमी प्रेषितांना आधी बाष्कळ वाटली.

मराठी मुलखात अमेरिकन मिशनचा पाया घालणारा गॉर्डन हॉल हा खरं तर मोठ्या आकड्यांचा माणूस. फेब्रुवारी १८१३ मध्ये तो आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारला मिशनरी नकोच होते. चालते व्हा म्हणून हुकूम निघाला. दोघं गुपचूप जहाजाने कोचीनला निसटले, तिथून पुन्हा मुंबईत आणले गेले, आणि अर्जविनंत्या करत कसेबसे टिकले. पुढे १८१८ साली हॉलने सॅम्युएल न्यूएल या सहकाऱ्याबरोबर एक पुस्तिका लिहिली. जगातल्या साठ कोटी लोकांपर्यंत शुभवर्तमान पोचलेलं नाही, ते पोचवण्याची ऐपत आणि जबाबदारी मंडळ्यांची आहे, असा तिचा रोख. साठ कोटींचा विचार करणारा हा माणूस रोज मुंबईच्या बाजारांतून, रस्त्यांवरून मराठीत बोलत फिरायचा. लोक जमत, ऐकत, वाद घालत, हसत आणि आपापल्या कामाला निघून जात. तेरा वर्षं हे चाललं. हाती लागलं काय म्हणाल, तर काही शाळा, छापखाना, भाषांतराचे कागद. बाप्तिस्म्याच्या वहीत जवळजवळ काहीच नाही.

न्यूएल १८२१ साली पटकीने गेला. हॉलची लेकरं इथल्या हवेत टिकेनात. १८२५ साली त्याची बायको मार्गारेट उरलेल्या दोन मुलग्यांना घेऊन अमेरिकेला निघाली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये हॉल उपदेशाच्या फेरीवर नाशिक-त्र्यंबककडे गेला, तर तिथे पटकीने कहर मांडलेला. जवळची औषधं त्याने आजाऱ्यांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर मुक्काम केला आणि पहाटे त्यालाच पटकीने गाठलं. २० मार्च १८२६. वय ४१. सोबतीला बरोबर आलेली दोन पोरं, बाकी कोणी नाही.

नाताळच्या कार्यक्रमात किंवा शाळेच्या वर्धापनदिनी हॉलवर बोलायची वेळ आली, की आम्हाला या ओसरीवर थांबवत नाही. लगेच पुढे धावतो. हॉल गेला, पण त्याच साली मिशनच्या छापखान्यातून मराठी नवा करार पुरा छापून निघाला. पाठोपाठ १८२७च्या अखेरीस मिशनची सिंथिया फरार आली, तिने मुंबईला आणि मग नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. नगरच्या त्या शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही नगरला फरारबाईंकडे शिक्षिकेचे धडे घेतले. तेव्हा बघा, हॉलचं काही वाया गेलं नाही. टाळ्या.

यातलं काही खोटं नाही, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही असतो. पण मनात एक कुसळ राहतं. समजा, जोतिराव नगरला आलेच नसते. समजा, फरारबाईंच्या शाळांचं नाव कोणत्याही इतिहासात आलं नसतं. मग त्यांनी वर्षानुवर्षं रोज सकाळी जमवलेल्या त्या आठ-नऊ वर्षांच्या पोरी, लग्न झालं की एक एक करून गळणाऱ्या, ते सगळं हलकं ठरलं असतं का? विश्वासूपणाचं कौतुक करतोय असं आपल्याला वाटतं, तेव्हा बहुतेकदा आपण उशिरा आलेल्या यशाचं कौतुक करत असतो. यश पन्नास वर्षांनी आलं तरी चालतं, पण आलंच पाहिजे. नाहीतर गोष्ट सांगता येत नाही. फरारबाई १८६२ साली नगरला वारल्या तेव्हा त्यांच्या हातात अशी गोष्ट नव्हती. उलट १८५४-५५ साली बोस्टनहून मिशनच्या बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन पाहणीला येऊन गेले, शाळांपेक्षा उपदेशाला महत्त्व द्यायचं ठरलं, नगरची इंग्रजी शाळा बंदही झाली. जिच्या शाळांचा आज आम्ही अभिमान बाळगतो, तिच्या हयातीतच तिच्या वरिष्ठांना शाळा हे दुय्यम काम वाटू लागलं होतं. तरी बाई शिकवत राहिल्या. त्यांना काय वाटत होतं ते ठाऊक नाही म्हणून बरं. नाहीतर त्याचंही आम्ही भाषण केलं असतं.

माझे आजोबा शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. रविवारी तेच उपदेशक. मंडळी म्हणजे पंधरा-वीस घरं. त्यांतली निम्मी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची ती उन्हाळा लागल्यावर परतायची. मुलांनासुद्धा घेऊन जायची, त्यामुळे शाळाही ओस आणि देऊळही. आजोबांची रविवारची वही माझ्याकडे आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा उंदरांनी कुरतडलेली. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, शास्त्रपाठ, गीतांचे क्रमांक, हजेरी, दान, शेरा. अक्षर मास्तरचं, म्हणजे ‘रव’ आणि ‘ख’ यांत कधी गफलत न होणारं. ऊसतोडीच्या महिन्यांत हजेरीचा रकाना घसरत जातो. नऊ, सहा, चार, मग एका ठिकाणी ठसठशीत शून्य. त्या ओळीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, ‘मंडळी कारखान्यावर. उपासना झाली.’ पुढच्या ओळीतही शून्य, ‘उपासना झाली.’ त्याखालीही तेच. पावसाळ्यात कुठे ओढा चढल्याचा शेरा, पुन्हा शून्य, पुन्हा ‘झाली.’ शास्त्रपाठ भरलेला, तीन गीतांचे क्रमांक भरलेले.

लहानपणी मला यातलं एक कोडं सुटत नसे. हजेरी शून्य, तर दानाच्या रकान्यात दोन आणे कुठून? आजीला विचारलं. आजी तेव्हा थकली होती, पण जिभेने नाही.

“मी टाकायची. अंडी विकून.”

“म्हणजे तू असायचीस?”

“मग कुठं जाणार? घंटा बी मीच वाजवायची. हे आपले कोट घालून तयार.”

“आणि प्रवचन करायचे?”

“करायचे की. लांबवायचे सुद्धा. मला म्हणायचे, बस, अजून आशीर्वाद राहिलाय.”

“मग हजेरी शून्य कशी?”

आजीने माझ्याकडे असं पाहिलं, की या पोराला शाळेत काय शिकवतात. “उपदेशकाच्या बायकोची हजेरी कोण लावतं रे?”

त्या वहीकडे मी बरीच वर्षं आजोबांचं प्रमाणपत्र म्हणून पाहत होतो. रिकाम्या बाकांसमोर उभा राहून पूर्ण उपासना चालवणारा माणूस. त्याच्यात काही कमी नाही, आजही वाटत नाही. त्यांनी आकडा फुगवला नाही. वर मिशनच्या साहेबाकडे महिन्याचा अहवाल जायचा, चार माणसं वाढवून लिहिली असती तर पाहायला कोण येणार होतं? रिकाम्या देवळात तिसरं गीत गाळलं असतं तरी चाललं असतं. गाळलं नाही. ही उपासना माणसांसाठी नव्हती, हे त्यांना पक्कं माहीत होतं, त्यामुळे माणसं न आल्याने ती रद्द होण्याचा प्रश्न नव्हता. एवढं साधं त्यांचं तर्कशास्त्र होतं, आणि मला अजून त्याहून चांगलं सापडलेलं नाही. पण आजीच्या त्या एका प्रश्नानंतर वहीतली शून्यं मला वेगळी दिसू लागली. बाकावर एक बाई बसलेली आहे, तिनेच घंटा वाजवली आहे, दोन आणे टाकले आहेत, ‘आमेन’ म्हटलं आहे, आणि वहीत ती नाही.

मार्गारेट हॉल कोणाच्या वहीत आहे? ज्या प्रवासाला ती १८२५ साली निघाली त्यात तिचा एक मुलगा गेला. बोटीवर मूल गमावलेली बाई अमेरिकेला पोचली आणि मग कधीतरी नवऱ्याचीही बातमी आली. मिशनच्या इतिहासांत तिचं येणं-जाणं नोंदलेलं असतं, हॉलच्या चरित्राचा एक तपशील म्हणून. हॉलच्या निष्ठेची किंमत तिने किती भरली, हे कोणी लिहून ठेवलं नाही.

आपल्याकडे एका बाईने मात्र लिहून ठेवलं, आणि असं लिहिलं की मराठीत त्याला तोड नाही. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. काही वर्षं ताटातूट, नातेवाइकांच्या घरी दिवस काढणं, सोवळंओवळं, समजूत आणि गैरसमज, मग नगरला पुन्हा एकत्र संसार आणि १९०० साली त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा. टिळक म्हणजे देणारा हात. घरात आलेला पैसा आल्यागेल्याच्या, अडल्यानडल्याच्या हाती जायचा. १९१७ साली तर त्यांनी मिशनचा पगारच सोडला, मोकळ्या हातांनी प्रभूची सेवा करायची म्हणून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. कवी, संत, फकीर. वाचताना ऊर भरून येतो. पण लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ऊर भरून येण्याआधी हसू येतं, आणि हसता हसता कळतं, की पिठाचा डबा रिकामा आहे आणि पाहुणे दारात आहेत. टिळकांनी देवावर हवाला टाकला आणि देवाने तो बहुतेक वेळा लक्ष्मीबाईंकडे पाठवला. त्या कुरकुरतात, भांडतात, नवऱ्याची फजिती खुलवून सांगतात आणि त्याला सोडत नाहीत. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अकराव्या अध्यायाच्या आसपास अडलेलं होतं. शाळेत धड न गेलेल्या या बाईने पुढचे साठांहून अधिक अध्याय रचले. निष्ठा कोणाची मोठी, हा प्रश्न मी व्याख्यानात कधी विचारत नाही. श्रोत्यांत टिळकभक्त असतात.

मात्र ज्या बाईपाशी माझी मती खरोखर खुंटते ती पंडिता रमाबाई. इथे तर उशिरा आलेलं यशसुद्धा नाही. म्हणजे यश होतं, भरपूर होतं, पण आधी होतं. कलकत्त्यात विशीतल्या मुलीला ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेलं. १८८२ साली हंटर कमिशनपुढे साक्ष. इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा, मग चेल्टनहॅमला संस्कृत शिकवणं, अमेरिकेत गाजलेलं पुस्तक, १८८९ साली मुंबईत शारदा सदन. मग धर्मांतरावरून पुण्यात उठलेलं मोहोळ. मग दुष्काळ, आणि केडगावला ‘मुक्ती’, जिथे शेकड्यांनी बायका-मुली आल्या. इतकं सगळं झाल्यावर, चाळिशी उलटलेली असताना, या बाईने एक काम हातात घेतलं: अख्ख्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर. मुक्तीतल्या, खेड्यातून आलेल्या, अक्षर नुकतं ओळखू लागलेल्या बाईला कोणाला न विचारता वाचता यावं, एवढाच हेतू. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बाराव्या वर्षापर्यंत हजारो श्लोक मुखोद्गत केलेली ही बाई पुन्हा मुळाक्षरांपासून सुरू झाली.

जवळजवळ दीड तप हे काम चाललं. कानांनी ऐकू येईनासं झालेलं, तब्येत साथ देईना. ‘मुक्ती’च्या छापखान्यात खिळे जुळवायला मुलीच, छपाईला मुलीच, प्रुफं तपासायला त्या स्वतः. ज्यांनी छापखान्यात काम पाहिलंय त्यांना कळेल, की बायबलचं प्रूफ म्हणजे काय प्रकरण असतं. आकडेच आकडे. अध्याय, वचन, वंशावळी, कोणाचा कोण मुलगा. एक खिळा इकडचा तिकडे झाला तर पुढच्या पानापर्यंत सगळं सरकतं. मनोरमा, त्यांची एकुलती एक, परदेशात शिकून परतलेली, मुक्तीचा अर्धा भार वाहणारी. ती जुलै १९२१ मध्ये मिरजेला वारली. आईने प्रुफं खाली ठेवली नाहीत. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. बायबल पूर्ण छापून बाहेर आलं ते १९२४ साली.

आणि मग? मग काही नाही. मराठी मंडळ्यांच्या व्यासपीठांवर बायबल सोसायटीचंच भाषांतर राहिलं. शब्बाथ शाळेत मी जी वचनं पाठ केली त्यांतलं एकही रमाबाईंचं नव्हतं. १९८९ साली त्यांच्या नावे टपाल तिकीट निघालं, स्त्रीवादाच्या अभ्यासकांनी त्यांना पुन्हा शोधून काढलं, प्रबंध झाले. ते सगळं शारदा सदनासाठी, अमेरिकेतल्या पुस्तकासाठी, पुण्यातल्या वादासाठी. आयुष्याची शेवटची वर्षं ज्यावर जाळली त्या पुस्तकाचा उल्लेख एखाद्या वाक्यात होतो. कधी त्यात थोडी कीवही असते: एवढी बुद्धिमान बाई, शेवटी भाषांतरात अडकली. मला हे वाक्य वाचलं की राग येतो. अडकली नाही. तिने निवडलं होतं. टाळ्या कुठे मिळतात हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? कलकत्ता, लंडन, बोस्टन, सगळीकडच्या ऐकून झाल्या होत्या. त्या मिळणार नाहीत अशा जागी ती बसली, आणि रोज उठून तिथेच बसली.

तिच्या या कामाला मी कोणतं फळ जोडू? काही हितचिंतक जोडतात. मुक्तीतल्या बायकांनी ते वाचलं, त्यांची जीवनं बदलली, वगैरे. वाचलं असेल. पण त्यावर तिचं समर्थन लटकवून ठेवायची मला गरज वाटत नाही. यिर्मयाची गोष्ट बायबलमध्ये आहे. त्याने वर्षानुवर्षांचे संदेश बारूख नावाच्या लेखनिकाकडून गुंडाळीवर लिहून घेतले. राजा यहोयाकीम हिवाळ्याच्या महालात शेगडीपाशी बसला होता. तीनचार रकाने वाचून झाले की तेवढा भाग तो चाकूने कापायचा आणि निखाऱ्यांवर टाकायचा. पूर्ण गुंडाळी जळाली. यिर्मयाने काय केलं? बारूखला दुसरी गुंडाळी घ्यायला सांगितली आणि पहिल्यापासून सांगायला बसला. कोणी ऐकलं नाही ते नाहीच. शेवटी न ऐकणाऱ्या त्याच लोकांनी त्याला ओढून मिसरात नेलं.

इथे एक पळवाट आहे आणि आमच्या मंडळ्यांनी ती झिजवून गुळगुळीत केली आहे. काम वाढत नाही, तरुण पोरं येत नाहीत, शाळा बंद पडली, वसतिगृहाच्या आवारात गवत माजलं, जमिनीच्या दाव्यात वीस वर्षं गेली, आणि विचारलं की उत्तर तयार: आम्ही संख्येच्या मागे नाही, आम्ही विश्वासू आहोत. येशूच्या दाखल्यातला तिसरा चाकर नेमकं हेच म्हणाला होता. धन्याचे पैसे त्याने जमिनीत पुरले, एक दमडी न गमावता परत आणून दिले, आणि धन्याने त्याला आळशी ठरवलं. पाच हजारांचे दहा करणारा आणि दोनाचे चार करणारा, दोघांना मात्र शाबासकी अगदी सारखी मिळाली. आकड्यातला फरक धन्याच्या लेखी नव्हता. पुरून ठेवण्याचा होता. आजोबांच्या वहीतलं शून्य आणि बंद पडलेल्या देवळाचं शून्य कागदावर सारखंच दिसतं. फरक शेजारच्या रकान्यात आहे. तिथे तीन गीतांचे क्रमांक आहेत, शास्त्रपाठ आहे, अंड्यांचे दोन आणे आहेत.

माझा भाचा पाळक आहे. सेमिनरीत पहिला आलेला, गिटार वाजवतो, इंग्रजी बरं. त्याच्या बरोबरीचे पुण्या-मुंबईला मोठ्या मंडळ्यांत लागले. एकाचं यूट्यूब चॅनल आहे, त्याला हजारोंनी लोक ऐकतात. हा एका कोरडवाहू गावात. रविवारी तीसएक माणसं, त्यांतली निम्मी म्हातारी. गावातली तरुण पोरं चाकण-रांजणगावच्या कंपन्यांत, नाताळला येतात. मध्यंतरी त्यांच्या मंडळीच्या वार्षिक सभेला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मी हॉलवर बोलायचं ठरवून गेलो होतो, ओसरीपाशी थांबायचं हेही ठरवलं होतं. सभेत आधी पंच मंडळींची भाषणं झाली. प्रत्येकाने पाळकांच्या विश्वासू सेवेची तारीफ केली. असा पाळक मिळणं भाग्य, पैशामागे लागणारा नाही, थोडक्यात समाधानी. भाचा मान खाली घालून हसत होता.

माझी भाचेसून मागे बायकांत बसली होती. ती सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्स आहे. घर तिच्या पगारावर चालतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. ती उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, “मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत. साहेबांचं चार महिन्यांचं मानधन थकलंय, त्याचा विषय आज घ्या. आणि शब्बाथ शाळा आणि महिला मंडळ गेली पाच वर्षं कोण चालवतंय, ते अहवालात लिहा.”

सभेत चुळबुळ झाली. भाचा कानापर्यंत लाल. मला वाटलं आता तो तिला बस म्हणेल, पण तसं तो म्हणाला नाही. सेक्रेटरींनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं.

“बरोबर आहे बाईंचं,” ते म्हणाले. “लिहितो. शब्बाथ शाळा व महिला मंडळ यांचे काम सौ. पाळकीणबाई...”

“नाव लिहा,” ती म्हणाली.

सेक्रेटरींनी वर पाहिलं. लग्न होऊन ती त्या गावात आली त्याला पाच वर्षं झाली होती. त्यांच्या सुनेचं बाळंतपण हिनेच केलं होतं. ते जरा ओशाळले, चष्मा सारखा केला आणि विचारलं, “काय बरं नाव तुमचं?”

तिने पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट. ते त्यांनी लिहून घेतलं, दोनदा विचारून. मग खजिनदार म्हणाले, मानधनाचा विषय मोठा आहे, आधी चहा घेऊ या का. चहा आधी झाला. मानधनाचा विषय त्यानंतर निघाला आणि बराच वेळ चालला. मला शेवटची एसटी गाठायची होती, त्यामुळे हॉल राहून गेला.